एसटीआर() म्हणतं सगळे आकडे, बेरीज म्हणते अक्षरं. खरं कोण बोलतंय?

मोरकाठचा · रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, एमएस्सी स्टॅटच्या दुसऱ्या वर्षाला. प्रकल्पासाठी घरच्याच केळीच्या मृगबागेतल्या (पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या) १२६ झाडांची कापणीच्या वेळी नोंद केली. प्रत्येक झाडाचा क्रमांक, घडाचं वजन, आणि घडातल्या एकेका फणीत केळी किती व तिचं वजन किती. मोबाइलच्या फॉर्मवर भरलं, जेसन फाइल (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) निघाली, आर या संख्याशास्त्राच्या भाषेत जेसनलाइट पॅकेजच्या फ्रॉमजेसन() ने 'बाग' नावानं वाचली. सिम्प्लिफायव्हेक्टर = फॉल्स (म्हणजे आपणहून तक्ता करू नको) टाकलं, कारण एका व्हिडिओत "डेटा नेस्टेड (थरांत थर) असेल तर हे टाकायचंच" असं ऐकलं होतं.

आता गंमत बघा. एसटीआर(बाग), म्हणजे रचना दाखवणारं फंक्शन, चालवलं तर स्क्रीनवरून मालगाडी गेली. तीन हजारांवर ओळी असतील. चिकाटीनं बघितलं तर प्रत्येक झाडाच्या "वजन" पुढे नम नाहीतर इंट, म्हणजे आकडेच. पण सगळ्या झाडांची वजनं काढून सम(), म्हणजे बेरीज, केलं की आर म्हणतं इनव्हॅलिड टाइप, कॅरेक्टर, म्हणजे आकडे नव्हे, अक्षरं. कॅरेक्टर आलं कुठून? डोळ्यांनी बघितलंय, एकही सीएचआर (कॅरेक्टर) नाही.

शुक्रवारी गाइडना दाखवायचंय.

(मंचाच्या नियमाप्रमाणे कोड देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमन घ्या, हे सांगायला नकोच.)

शहादेकर · रात्री ९:२०

आरस्टुडिओत व्ह्यू(बाग) कर, बाण दाबत दाबत आत जा. एसटीआर कशाला?

मोरकाठचा · रात्री ९:२४

केलं दादा. १२६ झाडं, प्रत्येकी आठ-नऊ फण्या. बोट दुखलं, चूक सापडली नाही.

पुण्यात_पण_अमळनेरचा · रात्री ९:३१

ग्लिम्प्स() वापर, एसटीआरपेक्षा देखणं दिसतं.

धुळ्याची_ताई · रात्री ९:४४

ग्लिम्प्स डेटाफ्रेमला, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्याला, छान. साधी लिस्ट दिली तर ते आतून एसटीआरलाच हाक मारतं, त्यामुळे इथं फरक पडायचा नाही.

मोरकाठच्या भावा, सगळं एकदम बघायला गेलास तिथंच घोळ झाला. आमच्याकडे म्हणतात तसं, बठ्ठं एकदम देखाले गया तं काहीच दिसाव नही. आधी एकच थर बघ:

एसटीआर(बाग, मॅक्स.लेव्हल = १)

काय येतं ते इथं टाक.

मोरकाठचा · रात्री ९:५१

हे आलं ताई:

लिस्ट ऑफ ४
 $ शेत : सीएचआर "मळ्याचं"
 $ लागवड : सीएचआर "मृगबाग"
 $ अंतर :लिस्ट ऑफ २
 $ झाडं :लिस्ट ऑफ १२६

निवृत्त_मास्तर · रात्री १०:०५

चार ओळीत बाग आली की नाही? मालगाडी बघण्यापेक्षा हे बरं.

मी वर्गात नेहमी एक उदाहरण द्यायचो, तेच देतो. खान्देश नावाची लिस्ट करा. तीन घटक, प्रत्येकात त्या जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं. एसटीआर(खान्देश) केलं की असं दिसतं:

लिस्ट ऑफ ३
 $ जळगाव : सीएचआर [१:१५] "अमळनेर" "एरंडोल" "चाळीसगाव" "चोपडा" ...
 $ धुळे : सीएचआर [१:४] "धुळे" "साक्री" "शिंदखेडा" "शिरपूर"
 $ नंदुरबार : सीएचआर [१:६] "अक्कलकुवा" "अक्राणी" "तळोदा" "नंदुरबार" ...

वाचायचं कसं? डॉलरच्या पुढे नाव, कोलनच्या पुढे जात, मग चौकटी कंसात लांबी, मग थोडासा नमुना. जळगावच्या शेवटी तीन टिंबं आहेत. त्यांचा अर्थ "अजून आहेत, दाखवत नाही". धुळ्याला टिंबं नाहीत कारण चारच तालुके, संपले. किती नमुना दाखवायचा ते व्हेक.लेन ठरवतं. मूळ किंमत ४, पण ते चार घटक असं शब्दशः धरू नका. व्हेक्टरच्या, म्हणजे एकाच जातीच्या किमतींच्या रांगेच्या, जातीप्रमाणे त्याला ०.५ ते ३ पर्यंतच्या कशानं तरी गुणलं जातं. म्हणून नावं चार दिसतात आणि आकडे त्याहून जास्त.

आणि ओळीच्या सुरुवातीला येणारे दोन-दोन ठिपके म्हणजे थर. एक जोडी म्हणजे एक पायरी आत, दोन जोड्या म्हणजे दोन पायऱ्या. ठिपके मोजले की आपण कुठं उभे आहोत ते कळतं.

हे फंक्शन जुनं आहे बरं का. झुरिकच्या ईटीएचमधले मार्टिन मेक्लर यांचं, त्याच्या मदतपानावर १९९० सालापासून असं लिहिलंय. आरची १.०.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २०००ला. म्हणजे पोर आईच्या आधी जन्मलं.

सटाण्याचा_सोन्या · रात्री १०:११

मास्तर, खान्देश लिस्ट ऑफ ३? बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा कुठं गेलं? आम्ही काय फ्रेंच बोलतो का घरी?

निवृत्त_मास्तर · रात्री १०:१४

खान्देश$कसमादे <- सी("कळवण", "सटाणा", "मालेगाव", "देवळा")

आता लिस्ट ऑफ ४. लिस्टचा हाच फायदा, भांडण न करता घटक वाढवता येतो.

पुण्यात_पण_अमळनेरचा · रात्री १०:१६

मग बऱ्हाणपूर पण घाला. फारुकींची राजधानी होती ती.

चालक · रात्री १०:१८

विषयावर या. खान्देशच्या हद्दीचा धागा वेगळा आहे, तिथं आधीच चारशे प्रतिसाद झालेत.

केळीवाला_काका · रात्री १०:२९

मला तुमचं आर-बीर कळत नाही, पोरगं करतं म्हणून वाचतो. पण हे थर म्हणजे घडच की. बाग, बागेत झाड, झाडाला घड, घडाला फण्या, फणीला केळी. बाग बघायला आलेला व्यापारी केळं-केळं मोजत नाही. आधी बांधावरून बाग बघतो, मग पाच-सहा घड, मग एखादी वरची फणी आणि एखादी खालची.

धुळ्याची_ताई · रात्री १०:३८

काका, तुमचा व्यापारी मॅक्स.लेव्हल लावूनच येतो म्हणायचं.

तुमच्याच घडावरून एक सांगते, कारण नवीन पोरं इथं हमखास अडतात. बाग$झाडं[१] आणि बाग$झाडं[[१]] एक नाही. एकेरी कंसानं घडाचा तुकडा मिळतो, दांड्यासकट. फणी त्याला चिकटलेलीच. एसटीआर केलं तर वर "लिस्ट ऑफ १" लिहून येतं, तो दांडा. दुहेरी कंसानं फणी दांड्यावरून उतरून हातात येते, आणि एसटीआर थेट क्र, वजन, फण्या दाखवतं. "लिस्ट ऑफ १" दिसलं की समजायचं, एक कंस कमी पडला.

मोरकाठच्या, आता एकच झाड बघ: एसटीआर(बाग$झाडं[[१]])

मोरकाठचा · रात्री १०:४६

लिस्ट ऑफ ३
 $ क्र : इंट १
 $ वजन : नम २२.५
 $ फण्या:लिस्ट ऑफ ९
  ..$ :लिस्ट ऑफ २
  .. ..$ केळी: इंट १८
  .. ..$ वजन: नम २.९
  ..$ :लिस्ट ऑफ २
  .. ..$ केळी: इंट १८
  .. ..$ वजन: नम २.८

आणि पुढे तसंच नऊ फण्यांपर्यंत. झाड १ ठीक आहे. २, ३, ५०, ९९ पण बघितली. सगळी ठीक. म्हणून तर डोकं फिरलंय.

जाता जाता, मगाशी सगळी रचना जपून ठेवावी म्हणून रचना <- एसटीआर(बाग) केलं. रचना उघडली तर नल, म्हणजे रिकामं. हे का?

धुळ्याची_ताई · रात्री १०:५२

एसटीआर छापतं, परत काही देत नाही. परत येतो तो अदृश्य नल. जपून ठेवायचं तर कॅप्चर.आउटपुट(एसटीआर(बाग)) कर, ओळी मजकूर म्हणून मिळतात. मी पण एकदा अहवालात नल छापून दिलाय, कुणाला सांगू नका.

९९ वर का थांबलास?

मोरकाठचा · रात्री १०:५५

त्या मोठ्या यादीत शेवटचं तेवढंच दिसलं म्हणून.

धुळ्याची_ताई · रात्री १०:५६

थांब थांब. यादीच्या अगदी तळाशी काय लिहिलंय? शेवटची ओळ शब्दशः टाक.

मोरकाठचा · रात्री ११:०३

"लिस्ट आउटपुट ट्रंकेटेड"

अरे देवा.

निवृत्त_मास्तर · रात्री ११:१५

सापडलं. एसटीआरला लिस्ट.लेन नावाचा अर्ग्युमेंट (सेटिंग) आहे, मूळ किंमत ९९. एका लिस्टमधले ९९ घटक दाखवून झाले की ते हात झटकतं आणि ती एक ओळ लिहितं. तुझी १०० ते १२६ झाडं त्यानं कधी दाखवलीच नाहीत. तू म्हणालास "डोळ्यांनी बघितलंय". बघितलंस ते ९९ झाडांचं.

लिस्ट.लेन = २०० दिलं तर सगळी दिसतील, पण मग चार हजार ओळी वाचाव्या लागतील, आणि रात्री अकरा वाजता माणूस चार हजार ओळी वाचत नाही, वाचल्यासारखं करतो. माझं मत विचारशील तर एसटीआर ओळख करून घ्यायला चांगलं. हजेरी घ्यायची तर मोजणी लाव:

टेबल(एसअ‍ॅप्लाय(बाग$झाडं, फंक्शन(झ) क्लास(झ$वजन)))

मोरकाठचा · रात्री ११:२१

कॅरेक्टर १४
इंटिजर ३१
न्यूमेरिक ८१

चौदा!! आणि इंटिजर, न्यूमेरिक वेगळे का? सगळी वजनंच आहेत.

धुळ्याची_ताई · रात्री ११:२६

त्याची काळजी नको. २२ असं पूर्ण लिहिलं तर जेसनलाइट त्याला इंटिजर धरतं, २२.५ ला न्यूमेरिक. दोघांची बेरीज होते. चौदा जणांना पकड. व्हिच() नं क्रमांक काढ, आणि एकाचं एसटीआर टाक.

मोरकाठचा · रात्री ११:३४

सगळी १०१ च्या पुढची. १०४ नंबरचं:

लिस्ट ऑफ ३
 $ क्र : इंट १०४
 $ वजन : सीएचआर "२१.५"
 $ फण्या:लिस्ट ऑफ ८

कळलं. १०१ पासूनची २६ झाडं माझ्या चुलतभावानं भरली, मला त्या दिवशी जळगावला विद्यापीठात यायचं होतं. त्याच्या मोबाइलला मराठी कीबोर्ड आहे. त्यानं अधूनमधून आकडे मराठीत टाकले. २१.५ दिसायला २१.५ च आहे, पण आरला ते अक्षर वाटतंय.

शहादेकर · रात्री ११:३९

अ‍ॅज.न्यूमेरिक() मार की.

मोरकाठचा · रात्री ११:४२

मारलं. एनए (किंमत नाही) आलं, आणि वर वॉर्निंग.

निवृत्त_मास्तर · रात्री ११:५८

येणारच. आकडा वाचताना आर इंग्रजी शून्य ते नऊच ओळखतं. देवनागरी अंक त्याला क, ख, ग सारखेच.

चार्टआर() वापर. नाव चार्टसारखं वाटतं पण ते कॅरेक्टर ट्रान्सलेट आहे. पहिला अर्ग्युमेंट "०१२३४५६७८९", दुसरा तेच दहा आकडे इंग्रजीत, तिसरा तुझा मजकूर. अक्षराला अक्षर बदलतं. फण्यांमधली वजनंही त्यानं मराठीतच भरली असणार, म्हणून थरांत शिरणारं आरअ‍ॅप्लाय() घे, क्लासेस = "कॅरेक्टर", हाऊ = "रिप्लेस". सगळ्या थरांतला मजकूर शोधून तेवढाच बदलेल, सांगाडा जसाच्या तसा.

एक मात्र कर. आरअ‍ॅप्लायमध्ये फक्त चार्टआर घाल. तिथंच अ‍ॅज.न्यूमेरिक घातलंस आणि सगळ्या बागेवर चालवलंस तर तुझं "मृगबाग" पण एनए होईल. आकडा करायचं काम नंतर, फक्त वजनांवर.

पुण्यात_पण_अमळनेरचा · रात्री १२:०४

मास्तर, हे आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये घडलं असतं तर सापडलंच नसतं. तिथल्या विंडोजवर आर जुनं होतं, देवनागरी दिसायचंच नाही. २ च्या जागी कोनी कंसात यू+०९६८, म्हणजे त्या अंकाचा यूनिकोड क्रमांक, यायचं. ४.२.० पासून, म्हणजे २०२२ पासून, नव्या विंडोजवर आर यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीतच चालतं, तेव्हापासून मराठी नीट दिसतं.

धुळ्याची_ताई · रात्री १२:०९

उलटं आहे रे. लॅबमध्ये लगेच सापडलं असतं. यू+०९६८ बघून कुणालाही कळेल हे वेगळंय. आता "२१.५" इतकं छान दिसतं की डोळा सरळ पुढे जातो. अवतरणचिन्हं तेवढी खूण.

आणि तो व्हिडिओवाला. सिम्प्लिफायव्हेक्टर = फॉल्स "टाकायचंच" असं काही नाही. न टाकता वाचलं असतंस तर जेसनलाइटनं झाडांची डेटाफ्रेम केली असती, १२६ ओळींची, फण्या हा लिस्ट-कॉलम. आणि वजन हा एकच व्हेक्टर झाला असता. व्हेक्टरमध्ये एक जरी अक्षर शिरलं तरी सगळा व्हेक्टर अक्षरांचा होतो. एसटीआरच्या सुरुवातीच्या ओळींतच "वजन : सीएचआर" दिसलं असतं आणि हा धागा निघालाच नसता. फॉल्स दिलंस म्हणून प्रत्येक झाड आपापली जात सांभाळून बसलं, आणि चौदा जण ९९ च्या मागे लपले. तुझी बेरीज चुकली तीही याच नियमानं. एसअ‍ॅप्लायनं वजनं एकत्र केली, चौदांनी उरलेल्या ११२ जणांना बाटवलं.

फॉल्स वाईट असं म्हणत नाही. झाडागणिक सांगाडा बदलत असेल तर तेच बरं. पण आधी दोन्ही तऱ्हांनी वाचून एसटीआर, मॅक्स.लेव्हल = २ बघावं. दोन मिनिटं लागतात.

सटाण्याचा_सोन्या · रात्री १२:१५

पायथॉनमध्ये पीप्रिंटला डेप्थ देता येतं, हेच काम. उगाच सांगून ठेवतो.

गिरणाकाठची · सकाळी ७:१०

उशिरा आले. थर कमी करून बघायची सवय मॉडेलला पण लावा. एलएम() चं, म्हणजे रेषीय मॉडेलचं, उत्तर प्रिंट केलं की दोन-चार ओळी दिसतात, वाटतं एवढंच आहे. आरमधल्या कार्स डेटावर एलएम चालवून एसटीआर, मॅक्स.लेव्हल = १ करा. लिस्ट ऑफ १२ निघते. कोएफिशंट, रेसिड्युअल, क्यूआर, सगळं आत. मॅक्स.लेव्हल न देता केलं की टर्म्सची अ‍ॅट्रिब्यूट्स इतकी सांडतात की हवं ते सापडत नाही. तिथं गिव्ह.अ‍ॅट्र = फॉल्स द्यायचं. मला रेसिड्युअल कसे काढायचे हे कुणी शिकवलं नव्हतं, एसटीआर बघूनच कळलं की डॉलर लावला की मिळतात.

आणि झाडासारखं चित्र हवं असेल तर लॉबस्टर पॅकेजमध्ये ट्री() आहे. फांद्या काढून दाखवतं. अहवालात ते बरं दिसतं.

मोरकाठचा · सकाळी ९:३८

चार्टआर चाललं. १४ पैकी १३ आकडे झाले. एक अजून एनए. झाड ११२:

 $ क्र : इंट ११२
 $ वजन : सीएचआर "अंदाजे २४"
 $ फण्या:लिस्ट ऑफ ९
  ..$ :लिस्ट ऑफ २
  .. ..$ केळी: इंट १७
  .. ..$ वजन: नल

नऊच्या नऊ फण्यांचं वजन नल. चुलतभावाला फोन केला. म्हणाला, तेवढ्यात गाडी भरायला माणसं आली, काटा घेऊन गेली, मग हातानं उचलून अंदाज टाकला. एनए ठेवतोय. तो रागावलाय, म्हणतो माझा अंदाज अर्धा किलोनं पण चुकत नाही.

निवृत्त_मास्तर · सकाळी ९:५०

एनएच ठेव. अहवालात कारण लिही, काटा गेला म्हणून. मास्तर लोकांना अशी वाक्यं आवडतात.

केळीवाला_काका · सकाळी १०:०२

पोरा, एक विचारू? घडाचं वजन दांड्यासकट घेतलं की फण्या उतरवून?

मोरकाठचा · सकाळी १०:०५

दांड्यासकट काका. मी तरी.

केळीवाला_काका · सकाळी १०:०६

आणि त्यानं?

मोरकाठचा · सकाळी १०:३१

फण्यांची बेरीज करून घडाच्या वजनातून वजा केली. पहिल्या शंभर झाडांत घड किलो-दीड किलोनं जड. शेवटच्या २५ मध्ये फरक शून्य.

पुन्हा फोन लावतोय.